कोणत्या कार्डावर चालवून पाहिलं?

लिनक्सच्या कर्नलमध्ये एका फार जुन्या लॅन कार्डाचा ड्रायव्हर आहे. कार्डाचं नाव एनई २०००. नॉव्हेल कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बाजारात आणलं. त्यावर एक छोटी कायमची मेमरी असते आणि तिच्यात त्या कार्डाचा ४८ बिटांचा पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, नोंदवलेला असतो. ड्रायव्हर सुरू झाला की ही मेमरी वाचतो. एकूण ३२ बाइट, दोन-दोनच्या जोडीने. १६ बिटांच्या कार्डावर जोडीतले दोन्ही बाइट अगदी सारखे येतात. कोड वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं की एकच गोष्ट दोनदा कशाला वाचायची? निम्मं वाचन काढून टाकलं तर कोड केवढा सुटसुटीत होईल!

पण हे दुहेरी वाचन म्हणजे त्या कार्डाची ओळखपरेड आहे. सगळ्या जोड्या जुळल्या तर कार्ड १६ बिटांचं. एका जरी जोडीत फरक पडला तर ते ८ बिटांचं, एनई १००० जातीचं. ही ओळख पटली की पुढचा सगळा व्यवहार त्यानुसार चालतो. त्यानंतर पत्त्याच्या पुढे ठरावीक दोन जागी ‘डब्ल्यू’ या अक्षराचा आकडा आहे का, ते पाहायचं. असला तर कार्ड एनई १००० किंवा एनई २००० जातीचं. नसला तर एक यादी उघडायची. एनई २००० च्या नकला जगभर इतक्या निघाल्या, आणि त्यातल्या काहींनी ही खूण घालण्याचेही कष्ट घेतले नाहीत, की ड्रायव्हरला अशा बिघडलेल्या नकलांची यादीच पोटात बाळगावी लागली. यादीत प्रत्येक नकलेचं नाव आहे आणि तिच्या मॅक अ‍ॅड्रेसचे पहिले तीन बाइट आहेत.

त्याच फाइलमध्ये पुढे कार्ड रीसेट करणारी ओळ आहे. पोर्ट वाचण्याच्या दोन तऱ्हा असतात, एक सरळ आणि एक किंचित थांबून. जुन्या संथ हार्डवेअरसाठी थांबून वाचणं सुरक्षित, असं कोणीही म्हणेल. पण या ओळीशेजारी सूचना लिहिलेली आहे की इथे थांबून वाचणारी तऱ्हा वापरू नका, नकली कार्डांवर रीसेट फसतो. ही सूचना कुठल्या पाठ्यपुस्तकातून आलेली नाही. कोणाच्या तरी टेबलावर, कोणत्या तरी नकली कार्डावर रीसेट फसला, तेव्हा ती लिहिली गेली. जुन्या हार्डवेअरच्या ड्रायव्हरमधला बदल तपासणं म्हणजे काय, हे मला या एका फाइलने शिकवलं.

ड्रायव्हर हा कर्नल आणि उपकरण यांच्यातला दुभाष्या. कर्नल म्हणतो, हा डेटा पाठव. तो कुठल्या पोर्टवर, कुठल्या क्रमाने, कितीदा लिहायचा हे ड्रायव्हरला माहीत असतं. या दुभाष्याच्या भाषेत कोणी बदल सुचवला तर त्या प्रस्तावाला पॅच म्हणतात. पॅचमध्ये काढलेल्या ओळींच्या आधी उणे चिन्ह असतं आणि घातलेल्या ओळींच्या आधी अधिक. दुसऱ्या जाणत्या माणसाने तो वाचायचा, शंका विचारायच्या, दुरुस्त्या सुचवायच्या आणि मग संमती द्यायची. याला रिव्ह्यू म्हणतात. पॅचखाली लिहिणाऱ्याची सही असते, तपासणाऱ्याची नोंद असते आणि कोणी तो प्रत्यक्ष चालवून पाहिला असेल तर त्याची वेगळी ओळ असते. मला या तिसऱ्या ओळीबद्दल बोलायचं आहे. जुन्या कार्डांच्या बाबतीत ती फार दुर्मीळ असते आणि बाकी सगळ्या सह्यांपेक्षा तिचं मोल जास्त असतं.

हे ड्रायव्हर कुठून आले, तेही थोडं सांगायला हवं. १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केलं तेव्हा त्यात नेटवर्कच नव्हतं. पुढच्या काही वर्षांत डोनाल्ड बेकर यांनी एकामागून एक इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर लिहिले. एनई २००० चा त्यांचाच, थ्रीकॉमच्या इथरलिंक थ्रीचाही त्यांचाच. त्यांच्या जुन्या फाइलींच्या माथ्यावर १९९३ सालचा कॉपीराइट आहे तो अमेरिकन सरकारचा, राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संचालकांच्या वतीने. १९९४ मध्ये बेकर आणि थॉमस स्टर्लिंग यांनी नासाच्या गोडार्ड केंद्रात १६ साधे ४८६ जातीचे संगणक इथरनेटने जोडून एक समूह उभा केला. त्याचं नाव बेओवुल्फ. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सुट्या भागांतून महासंगणकाचं काम करून घेण्याची वाट तिथे मोकळी झाली. ती ज्या कार्डांवरून गेली त्यांचे ड्रायव्हर एका माणसाने चिकाटीने, कार्ड समोर ठेवून लिहिले होते.

आपल्याकडे या कार्डांची ओळख झाली ती असेंबल केलेल्या संगणकांमुळे. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. तिथे ‘लॅन कार्ड द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा एक छोटं पातळ पीसीआय कार्ड हातात पडायचं आणि त्यावरच्या काळ्या चिपवर खेकड्याचं चित्र असायचं. खेकडा हे तैवानच्या रिअलटेक कंपनीचं बोधचिन्ह आणि ती चिप म्हणजे आरटीएल ८१३९. डबा कोणत्याही नावाचा असो, आत बहुधा खेकडाच निघायचा. पण डब्यावरच्या नावावर विसंबून चालत नसे. डी-लिंकचं डीएफई ५३० टीएक्स घेतलं तर आत व्हीआयए कंपनीची ऱ्हाइन चिप. त्याच नावापुढे ‘प्लस’ असलेलं घेतलं तर आत रिअलटेक. एका चिन्हाचा फरक आणि ड्रायव्हर पूर्ण वेगळा. म्हणून ‘माझ्या कार्डावर चालतं’ एवढं सांगणं रिव्ह्यूमध्ये पुरत नाही. चिप कोणती, तिची आवृत्ती कोणती, हे सांगावं लागतं.

या खेकड्याची एक गोष्ट जवळून पाहू. चिपला पाठवायचा डेटा मेमरीत ठरावीक सीमेवरच सुरू व्हावा लागतो आणि पाठवण्यासाठी तिच्याकडे जागा अवघ्या चार. म्हणून ड्रायव्हर प्रत्येक पॅकेट आपल्या वेगळ्या बफरमध्ये कॉपी करतो आणि मग चिपला देतो. आजच्या चांगल्या ड्रायव्हरमध्ये अशी कॉपी दिसली तर तपासणारा ताबडतोब टोकेल, कारण त्यात प्रोसेसरचा वेळ वाया जातो. इथे मात्र ती कॉपी काढायची नाही. त्या कॉपीच्या आधी आणखी एक छोटी ओळ आहे. पॅकेट फार लहान असेल तर बफरचे पहिले ६० बाइट आधी शून्याने भरून घ्यायचे. ही ओळ निरुपद्रवी दिसते, पण तिच्यासारखी ओळ नसल्याने काय होतं ते जगाने २००३ मध्ये पाहिलं.

इथरनेटच्या चौकटीची किमान लांबी ठरलेली असते. शेवटचे तपासणीचे चार बाइट सोडले तर ६०. एआरपी नावाची विचारणा, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असं नेटवर्कवर ओरडून विचारणारं पॅकेट, अवघ्या २८ बाइटचं असतं. त्याला १४ बाइटचं शीर्षक जोडलं की ४२ होतात. उरलेले १८ बाइट कशाने तरी भरावे लागतात. नियम सांगतो, शून्याने भरा. कित्येक ड्रायव्हर लांबी ६० सांगून मोकळे व्हायचे आणि त्या १८ बाइटांत मेमरीत पूर्वीचं जे काही पडलेलं असेल ते तारेवर निघून जायचं. आधीच्या पॅकेटचा तुकडा, कर्नलच्या मेमरीतला तुकडा, एखाद्या पासवर्डचा भागही. जानेवारी २००३ मध्ये अ‍ॅटस्टेक या संस्थेच्या संशोधकांनी हे जाहीर केलं आणि त्याला इथरलीक असं नाव पडलं. दोष एका कंपनीचा नव्हता. अनेक कार्डांच्या, अनेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरमध्ये तो होता, कारण एकाचं पाहून दुसरा लिहिला गेला होता. लिनक्समध्ये मग लहान पॅकेट शून्याने भरणारं एक सामाईक फंक्शन आलं आणि जुन्या ड्रायव्हरमध्ये एकेक करून त्याची हाक घातली गेली.

ही दुरुस्ती अगदी साधी वाटते. पण ते फंक्शन कधीकधी नवी मेमरी मागतं आणि ती मिळाली नाही तर पॅकेट स्वतःच नष्ट करतं. हे लक्षात न घेता पुढे तेच पॅकेट वापरलं तर दुरुस्तीतून नवा दोष जन्मतो. म्हणून तपासणाऱ्याने घातलेल्या ओळीबरोबर तिच्या खालच्या दहा ओळीही वाचायच्या असतात.

मग प्रश्न पडतो की इतकी जुनी कार्डं आहेत तर त्यांच्या ड्रायव्हरला हात तरी कशाला लावायचा? चाललंय तसं चालू द्यावं. लिनक्समध्ये ते शक्य नसतं. कर्नलच्या आतली फंक्शनं आणि रचना कायम ठेवण्याची हमी तिथे कोणी देत नाही, आणि तसं मुद्दाम ठरवलेलं आहे. बाहेरून प्रोग्रॅमना दिसणारं तोंड मोडायचं नाही, आतलं घर मात्र हवं तसं बदलायचं. घर बदललं की आतल्या प्रत्येक ड्रायव्हरला, तो कितीही जुना असो, नव्या मांडणीत बसवावं लागतं. २०१७ मध्ये कर्नलमधल्या टायमरची मांडणी बदलली तेव्हा शेकडो फाइली बदलल्या. २०२१ मध्ये मॅक अ‍ॅड्रेस साठवण्याची रीत बदलली. पूर्वी कोणताही ड्रायव्हर ते सहा बाइट थेट लिहायचा. आता ते एका फंक्शनमार्फतच लिहायचे, असं ठरलं. मग तीस वर्षांपूर्वीच्या कार्डांचे ड्रायव्हरही उघडले गेले.

अशा मोठ्या फेरबदलात प्रत्येक फाइलमधला बदल चार-सहा ओळींचा असतो आणि पुष्कळदा कॉक्सिनेलसारख्या साधनाने तो आपोआप केलेला असतो. तपासणारा थकतो. शंभरावा पॅच नव्याण्णवाव्यासारखाच दिसतो. पण एखाद्या कार्डात पत्ता बाइट-बाइट करून मिळत नाही, १६ बिटांच्या तीन शब्दांत मिळतो आणि तोही उलट क्रमाने. तिथे क्रम चुकला तर कोड कुरकुर न करता कंपाइल होतो, कार्ड सुरूही होतं, फक्त पत्ता भलताच येतो. हा दोष यंत्र दाखवत नाही. बदल वाचणाऱ्या माणसाच्या नजरेला तो दिसला तरच दिसतो.

एनई २००० च्या पोटात डीपी ८३९० ही नॅशनल सेमीकंडक्टरची चिप आहे. तिची रजिस्टरं पानांत विभागलेली आहेत. एकाच क्रमांकाच्या पोर्टवर शून्य क्रमांकाचं पान उघडं असेल तर एक रजिस्टर, एक क्रमांकाचं पान उघडं असेल तर दुसरंच. पान उलटून काम करताना मध्येच इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ अशी कार्डाची हाक, आला आणि त्याच्या कोडने शून्य क्रमांकाचं पान गृहीत धरलं, तर तो भलतीकडेच लिहून ठेवणार. त्यामुळे कुलूप लागतं. साधा उपाय असा की पॅकेट कार्डात भरेपर्यंत सगळे इंटरप्ट बंद ठेवायचे. पण आयसा या जुन्या प्रकारच्या बसवरचं कार्ड इतकं संथ आहे की तेवढ्या वेळात सीरियल पोर्टवरच्या मोडेमची अक्षरं गळून पडतात. म्हणून या ड्रायव्हरमध्ये सगळे इंटरप्ट बंद न करता फक्त या कार्डाची इंटरप्ट लाइन बंद केली जाते. दिसायला हे वेडंवाकडं आहे. हे असं का, याचं लांबलचक स्पष्टीकरण कर्नलवर काम करणाऱ्या अ‍ॅलन कॉक्स यांनी तिथेच लिहून ठेवलं आहे. ते न वाचता कोणी ‘आधुनिक पद्धतीने’ कुलूप बदललं तर नव्या संगणकावर काहीच बिघडणार नाही. बिघडेल त्या जुन्या यंत्रावर, आणि तिथे मोडेमची अक्षरं का गळतात हे शोधायला कोणाचे तरी आठवडे जातील. शिवाय ही चिप पीसीपुरती राहिलेली नाही. जुन्या मॅकिंटॉश आणि अमिगाच्या काही कार्डांवरही ती आहे. त्या सगळ्यांचा मूळ कोड एकाच फाइलमध्ये असल्याने पीसीसाठी केलेला बदल अमिगावर आपटू शकतो.

ही काळजी कोणाला जास्तीची वाटेल. त्यांना २००८ ची गोष्ट सांगायला हवी. तेव्हा कर्नलची २.६.२७ ही आवृत्ती तयार होत होती. चाचणी करणाऱ्या काही लोकांच्या संगणकांतली इंटेलची नेटवर्क चिप अचानक मेली. तिच्या कायमच्या मेमरीतला मजकूरच बिघडला होता, त्यामुळे जुना कर्नल परत टाकूनही कार्ड जागं होईना. संशय साहजिकच ई१०००ई या ड्रायव्हरवर गेला आणि त्यात घाईने संरक्षण घालण्यात आलं. खरा दोषी निघाला कर्नलमधल्या फंक्शनांचा माग ठेवणारं एफट्रेस नावाचं वेगळंच साधन. एखाद्या मॉड्यूलचा कोड मेमरीतून गेल्यावरही ते त्याचे जुने पत्ते लक्षात ठेवत होतं. त्याच पत्त्यांवर नंतर नेटवर्क चिपची कायमची मेमरी जोडली गेली आणि एफट्रेस तिथे लिहून बसलं. ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७ बाहेर पडल्यावर पहिल्याच दुरुस्तीत ते साधन बंद करावं लागलं. ती चिप तेव्हा नवी होती, इंटेलचे अभियंते हजर होते, चाचणी करणारे भरपूर होते, म्हणून कारण सापडलं. हेच एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कार्डाच्या बाबतीत झालं असतं तर तक्रार करायलाही कोणी नसतं.

कर्नलमध्ये मेन्टेनर्स नावाची एक फाइल आहे. कोणत्या भागाची जबाबदारी कोणाकडे, हे त्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक भागापुढे दर्जा असतो. कोणी पगारी काम करतं, कोणी स्वखुशीने सांभाळतं, कोणी जमेल तशी डागडुजी करतं. आणि काहींपुढे लिहिलेलं असतं, अनाथ. हा शब्द वाचताना मला दर वेळी थबकायला होतं. अनाथ ड्रायव्हरचा पॅच आला की तो नेटवर्क विभागाच्या मुख्य सांभाळणाऱ्यांच्या पुढ्यात पडतो. त्यांच्याकडे ते कार्ड नसतं, ते बसवायला आयसा स्लॉट असलेला मदरबोर्डही नसतो. म्हणूनच नेटवर्क विभागाने लेखी सांगून ठेवलं आहे की दुसऱ्या कामाशी संबंध नसलेली निव्वळ साफसफाई पाठवू नका. पहिला पॅच पाठवणाऱ्या विद्यार्थ्याला हे कठोर वाटतं. मला ते योग्य वाटतं. कोड दिसायला नीटनेटका होण्याचा फायदा अगदी थोडा आणि न तपासता मोडण्याचा धोका खरा.

दोष दुरुस्त करणारा पॅच असेल तर तो दोष कोणत्या बदलाने आला हेही लिहावं लागतं. जुन्या ड्रायव्हरच्या बाबतीत तिथे वारंवार एकच संदर्भ दिसतो, बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिट या साधनातली एप्रिल २००५ ची पहिली नोंद. कर्नलचा इतिहास गिटमध्ये तिथून सुरू होतो. या संदर्भाचा अर्थ इतकाच की हा दोष आपल्या लेखी इतिहासापेक्षा जुना आहे.

मग चालवून पाहायचं कसं? एक वाट क्यूएमयूसारख्या आभासी संगणकाची. त्यात एनई २०००, आरटीएल ८१३९, एएमडीचं पीसीनेट, इंटेलचं ई१००० अशी जुनी कार्डं हुबेहूब उभी करता येतात. आभासी यंत्रांमुळेच यातले काही ड्रायव्हर आजही रोज चालतात. ई१००० ची खरी चिप दुकानात सहजी मिळत नाही, पण तिची आभासी प्रतिकृती असंख्य ठिकाणी आहे. ड्रायव्हर निदान सुरू होतो, पत्ता बरोबर येतो, मेमरी गळत नाही, एवढं इथे कळतं. पण आभासी कार्ड शहाण्यासारखं वागतं. ते रीसेटला फसत नाही, त्याच्यावरची खूण हरवत नाही, त्याचा बस संथ नसतो. ज्या विचित्रपणासाठी जुन्या ड्रायव्हरमधल्या त्या ओळी लिहिल्या गेल्या, तो विचित्रपणा आभासी कार्डात नसतो.

चालवून पाहणं जमतच नसेल तर दुसरी वाट ड्रायव्हर काढून टाकण्याची, आणि मी तिच्या विरोधात नाही. २०१२ मध्ये टोकन रिंग या जुन्या नेटवर्क पद्धतीचा आधार कर्नलमधून गेला. २०१३ च्या सुरुवातीला आलेल्या ३.८ या आवृत्तीत ३८६ प्रोसेसरचाही गेला. त्याच सुमाराला पॉल गॉर्टमेकर यांनी ८ बिटांच्या आयसा कार्डांचे अनेक जुने ड्रायव्हर काढले. जो कोड कोणी चालवत नाही तो सांभाळणं म्हणजे दर फेरबदलात न तपासलेल्या ओळींची भर घालत जाणं. असा ड्रायव्हर नावापुरता जिवंत असतो. तो मोडलाय की नाही हेही कोणाला माहीत नसतं. मात्र काढण्याआधी विचारलं जातं की हे कार्ड कोणी वापरतं का? उत्तर आलं तर ड्रायव्हर राहतो. अशा वेळी एकाच माणसाच्या ‘हो, माझ्याकडे चालतं’ या उत्तराला वजन येतं. काढलेला कोडही गिटमध्ये राहतोच. उद्या कोणी कार्ड घेऊन पुढे आला तर तो परत आणता येतो.

म्हणून माझं सांगणं दोन जणांना आहे. शिकत असताना पहिला पॅच पाठवायचा म्हणून जुन्या ड्रायव्हरमध्ये शिरणाऱ्यांनी आधी ती फाइल वरून खालपर्यंत वाचावी, प्रत्येक विचित्र ओळीजवळ थांबून ती का आहे हे इतिहासात शोधावं, आणि चालवून पाहिलं नसेल तर ‘फक्त कंपाइल करून पाहिलं’ असं पॅचमध्ये स्पष्ट लिहावं. यात कमीपणा नाही. तपासणाऱ्याला त्यामुळे नजर कुठे रोखायची ते कळतं.

आणि ज्यांच्या माळ्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या कपाटात जुना संगणक पडलेला आहे त्यांनी तो भंगारात देण्याआधी एकदा कव्हर उघडावं. लॅन कार्डावरच्या चिपचा क्रमांक वाचावा, नवा कर्नल टाकून ते चालतं का पाहावं आणि जे दिसेल ते, चालतं किंवा चालत नाही, त्या ड्रायव्हरच्या सांभाळणाऱ्यांना दोन ओळींत कळवावं.